चाळणीतला कोंडा आणि घरची बोली

इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात अर्नो नदीच्या काठी एक मोठी बाग आहे. बागेच्या टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी अर्नोला मिळते, तिथे एक छत्री आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुण राजाचा अर्धपुतळा. हा राजा म्हणजे आपल्या निपाणीच्या शेजारचे, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. १८७० साली ते विलायतेला गेले. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. त्या काळी तिथे दहनाची रीत नव्हती. तरीही नगरपालिकेने परवानगी दिली आणि दोन नद्यांच्या संगमावर आपल्या पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. १८७४ साली तिथे स्मारक उभे राहिले. फ्लॉरेन्सचे लोक त्या जागेलाच ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’, म्हणतात. जवळ बांधलेल्या पुलालाही तेच नाव पडले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला याच महाराजांचे नाव आहे.

महाराजांचा देह ज्या गावी ठेवला गेला, त्या गावची बोली म्हणजेच आजची इटालियन भाषा. ही बोली अख्ख्या देशाची भाषा कशी झाली आणि बाकीच्या बोलींचे काय झाले, ही हकीकत आपल्यासारख्या दोन भाषांत नांदणाऱ्या घरांनी जरूर जाणून घ्यावी अशी आहे.

कवीने उचललेली भाषा

तेराव्या शतकात इटलीत शहाण्यांची भाषा लॅटिन होती. घराघरांत मात्र व्हेनिसची बोली वेगळी, मिलानची वेगळी, नेपल्सची वेगळी, सिसिलीची त्याहून वेगळी. फ्लॉरेन्सच्या दान्ते या कवीने आपले महाकाव्य लॅटिनमध्ये न लिहिता गावच्या बोलीत लिहिले. दान्तेचा जन्म १२६५ चा. आपल्याकडे त्याच सुमारास, १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. बसवण्णांनी आणि इतर शरणांनी तर त्याही आधी, बाराव्या शतकात, कन्नड वचनांतून तेच केले होते. पंडितांच्या भाषेपुढे माणसांची भाषा उभी करण्याचे धैर्य या मातीला नवे नाही.

दान्तेपाठोपाठ पेत्रार्क आणि बोकाच्चो आले आणि फ्लॉरेन्सच्या बोलीला प्रतिष्ठा मिळाली. १५२५ मध्ये पिएत्रो बेम्बो या विद्वानाने ‘लिहायचे तर याच बोलीत’ असा आग्रह धरला. गंमत अशी, की बेम्बो स्वतः व्हेनिसचा होता. १५८३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये भाषेची एक संस्था निघाली. तिचे नाव ‘क्रूस्का’, म्हणजे धान्याचा कोंडा. संस्थेचे चिन्हही पीठ चाळण्याचे. कोंडा बाजूला काढायचा आणि भाषेचे शुद्ध पीठ तेवढे ठेवायचे, अशी ती कल्पना. या संस्थेने १६१२ मध्ये इटालियनचा मोठा शब्दकोश काढला.

मान्झोनी हा एकोणिसाव्या शतकातला मोठा कादंबरीकार मिलानचा. आपली गाजलेली कादंबरी त्याने १८२७ मध्ये छापली आणि मग तो फ्लॉरेन्सला जाऊन तिथली भाषा ऐकत बसला. ‘आपले कपडे अर्नोच्या पाण्यात खळबळून काढले’ असे त्याचे म्हणणे. १८४० पासून कादंबरीची नवी, फ्लॉरेन्सच्या वळणाची आवृत्ती निघाली.

शंभरात अडीच

आता एक आकडा पाहा. १८६१ मध्ये इटली एक देश झाला, तेव्हा किती लोक इटालियन बोलत होते? तुल्लिओ दे माउरो या भाषाशास्त्रज्ञाचा अंदाज आहे शंभरात अडीच. दुसऱ्या काही अभ्यासकांनी तो दहापर्यंत नेला. म्हणजे उदार मनाने मोजले तरी दहांतले नऊ जण आपापल्या बोलीतच हसत, भांडत आणि बाजारहाट करत होते.

ही भाषा सर्वांच्या तोंडी बसली ती शाळा, सैन्यातली भरती, कामधंद्यासाठी गावोगावी झालेली पांगापांग आणि शेवटी दूरदर्शन यांमुळे. तिथे १९५४ मध्ये दूरदर्शन सुरू झाले. १९६० ते १९६८ या काळात अल्बेर्तो मान्झी नावाचे एक शिक्षक पडद्यावरून निरक्षर प्रौढांना लिहा-वाचायला शिकवत. कार्यक्रमाच्या नावाचा अर्थ होता ‘अजून उशीर झालेला नाही’.

हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर एक लाजही घरात शिरली. मुलगा मागे पडेल म्हणून आईबाप त्याच्याशी बोलीत बोलेनासे झाले. बोली म्हणजे अडाण्यांची, बिघडलेली इटालियन, असा समज पसरला. भाषाशास्त्र नेमके उलट सांगते. नेपल्सची, सिसिलीची, व्हेनिसची बोली ही इटालियनची बिघडलेली लेकरे नव्हेत. त्या सगळ्या लॅटिनच्याच लेकी, फ्लॉरेन्सच्या बोलीच्या बहिणी. एका बहिणीच्या नशिबी राजवाडा आला, एवढाच फरक.

जगभर गेला तो कोंडाच

इटालियन भाषेने संगीताला शब्द दिले. पियानो, सोलो, टेम्पो, ऑपेरा, सोप्रानो हे शब्द जगभर तसेच चालतात. मोझार्ट जर्मन बोलणारा, पण ‘डॉन जोव्हानी’ (१७८७) हा त्याचा ऑपेरा इटालियनमध्ये आहे. गाणे इटालियनमध्येच शोभते, असे त्या काळी युरोपात मानत. आपल्याला हे नवल वाटू नये. गदगचे भीमसेन जोशी आणि धारवाडजवळच्या मनसूरचे मल्लिकार्जुन मन्सूर कानडी घरांतले, पण भीमसेनांचा अभंग ऐकताना हा माणूस दुसऱ्या भाषेचा आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. मराठी संगीत नाटकाचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे.

पण संगीत सोडून रोजच्या शब्दांकडे वळा. ज्यांना चाळणीने कोंडा ठरवले, त्याच बोलींतून आलेले किती शब्द आपण वापरतो! २०२० मध्ये घरोघरी पोहोचलेला ‘क्वारंटाईन’ व्हेनिसच्या बोलीतला आहे. रोगराईच्या शंकेने जहाजे चाळीस दिवस अडवून ठेवत, ते ‘चाळीस’ म्हणजे हा शब्द. ‘गॅझेट’ही व्हेनिसचाच. ज्या हलक्या नाण्याला बातमीपत्र मिळे, त्या नाण्याचे ते नाव. आजची मुले मोबाईलवर ‘चाव’ लिहून निरोप घेतात, तोही व्हेनिसकडचा आणि त्याचा मूळ अर्थ ‘मी आपला दास’. ज्वालामुखीचा ‘लाव्हा’ नेपल्सचा. ‘ओ सोले मिओ’ हे जगप्रसिद्ध गाणे (१८९८) इटालियनमध्ये नाही, नेपल्सच्या बोलीत आहे.

आपल्याकडे ‘कोंड्याचा मांडा करणे’ असा वाक्प्रचार आहे. बेळगावच्या माणसाला मांडा काय चीज आहे हे सांगायला नको. तर इटलीतल्या बोलींनी हा असा कोंड्याचा मांडा करून दाखवला.

आपली चाळण

आता आपल्या घरात या. एकोणिसाव्या शतकात शाळाखाते, व्याकरणे आणि १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशासारखे शब्दकोश आले, तेव्हा पुण्याकडच्या शिष्टांच्या बोलीला प्रमाणाचा मान मिळाला. ते गरजेचेही होते, कारण लिहायला एक सामाईक भाषा लागतेच. पण तेव्हापासून आपल्या ‘काय करालास?’ आणि ‘जेवालोय’ला लोक हसू लागले. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, त्यावर तर पुण्या-मुंबईचे पाहुणे हमखास टोकतात. कन्नडात ‘नानु बंदे’ पुरुषही म्हणतो आणि बाईही म्हणते. शेजारी अशी भाषा पिढ्यान्‌पिढ्या नांदत असता आपल्या क्रियापदाला तेच वळण असणे यात अशुद्ध ते काय?

देवघेव तर जुनीच आहे. अण्णा, अक्का, अप्पा, तूप, अडकित्ता, हुडकणे हे शब्द कन्नडातून आले असे अभ्यासक मानतात. तुपाला परके म्हणून पुरणपोळी कोरडी खाणारा मराठी माणूस अजून तरी पाहण्यात नाही.

कन्नड घरांचे दुखणेही असेच आहे. धारवाडी कन्नडाला म्हैसूरकडचे लोक रांगडे म्हणत. त्याच धारवाडी बोलीला द. रा. बेंद्रे यांनी कवितेत नेऊन बसवले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवला. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी. दोन भाषा जवळ असणे म्हणजे अर्धवट असणे नव्हे, याला आणखी कोणता पुरावा हवा?

आमच्या कॉलेजात खेड्यावरून येणारी हुशार मुले वर्गात गप्प बसतात. उत्तर येते, पण ‘शुद्ध’ येत नाही म्हणून तोंड उघडत नाहीत. ही गप्पी घरात सुरू होते, जेव्हा पाहुण्यांसमोर आपण मुलाला ‘नीट बोल’ म्हणून दटावतो. परीक्षेची, अर्जाची, भाषणाची भाषा त्याला जरूर शिकवावी. त्यात कसूर नको. पण ती शिकवण्यासाठी आजीची बोली काढून घेण्याची गरज नाही. मुलाच्या डोक्यात दोन्हींना जागा असते. खडेबाजारातला दुकानदार एका गिऱ्हाईकाशी मराठीत आणि लगेच दुसऱ्याशी कन्नडात भाव करतो, त्याची कुठे गडबड होते?

इटलीला हे उशिरा उमगले. २०१५ च्या सरकारी पाहणीत घरात मुख्यतः बोलीच बोलणारे शंभरात चौदाच्या आसपास उरले होते. आता तिथे बोलींचे कोश होतात आणि सिसिलीची बोली मिसळून लिहिलेल्या आंद्रेआ कामिल्लेरी यांच्या कादंबऱ्या डोक्यावर घेतल्या जातात. पण जी वाक्ये आजोबांबरोबर गेली, ती कोशात कुठून मिळणार?

आपल्याकडे मात्र आजी अजून ओट्यावर बसलेली आहे. या सुट्टीत मुलांना एक काम द्या. आजीच्या तोंडचे, पुस्तकात न सापडणारे पन्नास शब्द वहीत उतरवायचे, मराठी असोत की कन्नड. मोबाईलवर तिचा आवाजही घ्यावा. चाळण फिरवायची घाई नको. त्या मान्झी मास्तरांच्या कार्यक्रमाचे नाव आपल्यालाही लागू आहे.