पदवीचे पहिले सत्र, लेखांक 3 : बावीस श्रेयांकांचा आठवडा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांची नवी रचना 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयाने ठरली. मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत ती 2024-25 पासून लागू झाल्यामुळे, शहापूरच्या सोनुभाऊ बसवंत महाविद्यालयात किंवा मुरबाडजवळ शिवळे येथील शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयात प्रथम वर्षाला येणाऱ्या विद्यार्थ्याचे आता केवळ शाखा निवडून भागत नाही. सत्राचा आठवडा कसा भरायचा, याचा काही वाटा त्याच्याच निवडीवर अवलंबून असतो.

या रचनेचे एकक म्हणजे श्रेयांक, अर्थात अध्ययनासाठी लागणाऱ्या वेळेचे माप. सिद्धान्त विषयाचा एक श्रेयांक पंधरा आठवड्यांच्या सत्रात पंधरा तासांच्या अध्यापनाचा, तर प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक तीस तासांचा धरला जातो. शासन निर्णयातील आराखड्यात पहिल्या सत्राला एकूण 22 श्रेयांक आहेत : मुख्य विषयाला, म्हणजे विद्यार्थी ज्याला ‘मेजर’ म्हणतात त्याला, 6, खुल्या वैकल्पिक विषयांना 4, व्यावसायिक कौशल्य व कौशल्यवृद्धी यांना मिळून 4, भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञान प्रणाली यांना प्रत्येकी 2, आणि क्रीडा, राष्ट्रीय सेवा योजना, कला यांसारख्या सहअभ्यासक्रमाला 2. नंतरच्या सुधारणांमुळे या वाटणीत फरक पडू शकतो, म्हणून आपल्या महाविद्यालयाचा चालू वर्षाचा तक्ताच प्रमाण मानावा. खुला वैकल्पिक विषय या आराखड्यानुसार मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा असावा लागतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याने वाणिज्य किंवा विज्ञानाचाही परिचय करून घ्यावा, हा त्यामागील हेतू आहे आणि तो योग्यच आहे.

सर्व विषय सिद्धान्ताचे धरले तरी 22 श्रेयांक म्हणजे आठवड्याला वर्गातील 22 तास होतात. परंतु राष्ट्रीय श्रेयांक आराखडा स्वाध्याय धरून एका श्रेयांकाला तीस तास मोजतो. म्हणजेच सत्राला 660, आठवड्याला 44 तास, आणि त्यांतील निम्मे वर्गाबाहेरचे. शेणव्यासारख्या गावातल्या विद्यार्थ्याची खरी अडचण या दुसऱ्या निम्म्यात आहे. एसटीने आसनगाव गाठून पुढे लोकलने कल्याणच्या महाविद्यालयात जाणाऱ्याचे, बसची वाट पाहण्यासह, रोज चार तास गेले असे धरले, तर सहा दिवसांत 24 तास प्रवासात खर्च होतात आणि स्वाध्यायाच्या 22 तासांपेक्षा ते अधिक भरतात. त्यामुळे हवा तो मुख्य विषय शहापुरात किंवा शिवळ्यात उपलब्ध असताना केवळ नावासाठी दूरचे महाविद्यालय निवडणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. विषयच जवळ नसेल, तर मात्र तो प्रवास स्वीकारावा लागतो.

दुसरा हिशेब शेतीचा आहे. पहिल्या सत्राची सुरुवात भाताच्या लावणीच्या दिवसांत होते आणि त्याचा शेवट कापणीशी भिडतो. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार सत्राअखेर सरासरी 75 टक्के उपस्थिती आवश्यक असल्याने, 330 तासांपैकी सुमारे 82 तासांचीच सवलत उरते. लावणीसाठी सलग दोन आठवडे घरी राहिल्यास त्यांतील 44 तास जुलैतच संपतात आणि पुढे आजारपण, पावसाने बंद पडलेला रस्ता किंवा चुकलेली गाडी यांसाठी थोडेच शिल्लक राहतात. घरचे काम टाळता येणार नाही, हे मान्य करूनही लावणीतील गैरहजेरी सलग न होता विखुरली जाईल, अशी आखणी कुटुंबात आधीच व्हावी.

प्रात्यक्षिकाचे कौशल्य विषय निवडताना हेही लक्षात घ्यावे की, त्यांचे दोन श्रेयांक आठवड्याचे चार तास घेतात आणि ते तास बहुधा दुपारी लागतात, ज्यामुळे परतीची बस चुकण्याचा संभव असतो. राष्ट्रीय सेवा योजनेचे काम व सात दिवसांचे निवासी शिबिरही पुष्कळदा वर्गाच्या वेळापत्रकाबाहेर पडते. तरीही गावपातळीवरच्या कामाची ओळख करून देणारा असा दुसरा उपक्रम पदवीच्या अभ्यासात क्वचितच सापडेल.

हे सारे हिशेब वेळापत्रक हाती असल्याशिवाय करता येत नाहीत. म्हणून विषयनिवडीचे अर्ज भरून घेण्यापूर्वीच महाविद्यालयांनी तासिकांचा कच्चा आराखडा सूचनाफलकावर लावावा, आणि तो लावलेला नसेल, तर विद्यार्थ्यांनी व पालकांनी कार्यालयात जाऊन तो मागून घ्यावा.