ठोकळ्यांचा रोबो कोर्टात मेला नाही

"लेगोने केस ठोकली ना, म्हणून बंद पडलं ते!" हॅस्ब्रोच्या 'बिल्ट टू रूल'चा विषय निघाला की हे वाक्य येतंच. जुनी खेळणी जमवणाऱ्यांच्या गप्पांत येतं, दुकानदारांच्या तोंडी येतं, आणि ज्यांनी हे खेळणं कधी हातातही घेतलेलं नाही त्यांच्याकडून तर अगदी ठासून येतं. वर तिखटमीठ लावलेलं असतं ते वेगळंच: ठोकळ्याचं पेटंट लेगोचं, हॅस्ब्रोने ते चोरलं, कोर्टाने दणका दिला, माल दुकानांतून उचलावा लागला. गोष्ट म्हणून झकास आहे. फक्त ती ज्या पेटंटवर उभी आहे, ते पेटंट हे खेळणं बाजारात येण्याच्या पाव शतक आधीच संपलं होतं.

आधी खेळणं काय होतं ते सांगतो. हॅस्ब्रो ही ऱ्होड आयलंडमधली अमेरिकन कंपनी. ट्रकचा रोबो आणि विमानाचा रोबो करणारे ट्रान्सफॉर्मर्स १९८४ पासून तिचेच. २००३ साली तिने 'बिल्ट टू रूल' नावाने ठोकळ्यांची मालिका काढली. त्यात जी.आय. जो होते, टोंकाच्या गाड्या होत्या आणि ट्रान्सफॉर्मर्सही होते. त्या वर्षी ट्रान्सफॉर्मर्सचं 'आर्माडा' पर्व चालू होतं, त्यातलेच ऑप्टिमस प्राइम, मेगाट्रॉन, स्टारस्क्रीम वगैरे इथे ठोकळ्यांत आले. कल्पना अशी की मुलाने रोबो स्वतः बांधायचा आणि मग त्याचं वाहन करायचं. बांधणं आणि बदलणं, दोन्ही मजा एकाच खोक्यात. २००५ पर्यंत सगळा कारभार आटोपला होता.

आता पेटंट. लेगोचा ठोकळा आज आपण ओळखतो तसा, म्हणजे वर गोल बटणं आणि आत पोकळ नळ्या, तो डेन्मार्कमध्ये पेटंटसाठी दाखल झाला २८ जानेवारी १९५८ रोजी. दुपारी १ वाजून ५८ मिनिटांनी, असं लेगोवाले मोठ्या अभिमानाने सांगतात. अमेरिकेत ते पेटंट मिळालं ऑक्टोबर १९६१ मध्ये. तिथे तेव्हा पेटंट मंजुरीनंतर सतरा वर्षं चालायचं. १९६१ मध्ये १७ मिळवा: १९७८. बेरीज तिसरीतलं पोरही करील. कॅनडासारख्या देशांत लेगोची काही पेटंटं थोडी जास्त टिकली, पण तिथलंही शेवटचं १९८८ मध्ये संपलं. त्यानंतर लेगोच्या बटणांवर घट्ट बसणारा ठोकळा कुणीही बनवावा, विकावा. पेटंटचा कायदा आड येत नाही. पेटंट ही कुणाला कायमची दिलेली वतनदारी नव्हे. ठरावीक वर्षं एकट्याने कमवा आणि त्या बदल्यात शोध जगापुढे उघडा करा, असा तो व्यवहार आहे. मुदत संपली की शोध सगळ्यांचा.

इथे हुशार वाचक म्हणेल, "पेटंट संपलं असेल, ट्रेडमार्क तर आहे ना?" रास्त प्रश्न आहे, आणि लेगोलाही तो सुचला होता. बटणांच्या त्या रचनेलाच आपली ओळख, म्हणजे ट्रेडमार्क, मानावं अशी मागणी घेऊन लेगोची मालक कंपनी किर्कबी कॅनडात मेगा ब्लॉक्स बनवणाऱ्या रिटविक कंपनीविरुद्ध गेली. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. नोव्हेंबर २००५ मध्ये न्यायालयाने एकमताने सांगितलं की बटणं ही शोभेची खूण नाही, ती कामाची रचना आहे. आणि पेटंट संपल्यावर तेच कुंपण ट्रेडमार्कच्या नावाने पुन्हा घालता येणार नाही. युरोपातही तेच झालं. तिथे ठोकळ्याचा आकार ट्रेडमार्क म्हणून नोंदवला गेला होता; नोंदणी रद्द झाली, लेगो अपिलांवर अपिलं करत राहिली, आणि सप्टेंबर २०१० मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने शेवटचं अपीलही फेटाळलं. म्हणजे कोर्टाने दणका दिला हे खरं, पण तो बसला लेगोला. आणि पुढच्याच वर्षी, २०११ मध्ये, हॅस्ब्रोने 'क्रे-ओ' नावाने ठोकळ्यांचे ट्रान्सफॉर्मर्स पुन्हा बाजारात आणले. कोर्टाचा मार खाऊन बसलेली कंपनी तोच धंदा पुन्हा मांडेल का, एवढा प्रश्न तरी ही गोष्ट सांगणाऱ्यांना पडावा!

या गैरसमजाच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, ती सांगितलीच पाहिजे. लेगो कोर्टात सगळीकडे हरलेली नाही. १९७८ साली आलेला तिचा तो पिवळ्या चेहऱ्याचा छोटा माणूस युरोपात ट्रेडमार्क म्हणून नोंदलेला आहे, आणि २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या जनरल कोर्टाने ती नोंदणी कायम ठेवली. लेगो हे नाव, तो लोगो यांना तर हात लावायची सोय नाहीच. म्हणूनच 'क्रे-ओ'मधले छोटे पुतळे, ज्यांना क्रिऑन म्हणतात, ते लेगोच्या माणसाच्या मापाचे असूनही घडणीने वेगळे आहेत. ठोकळा मोकळा, माणूस राखीव. हा फरक डोक्यात बसला नाही की "लेगोची नक्कल म्हणजे गुन्हा" हे सरसकट विधान तयार होतं आणि मग ते कुठल्याही बंद पडलेल्या खेळण्याला चिकटवता येतं.

आणि या सगळ्यातली खरी गंमत तर उलट्या बाजूची आहे. २०२२ मध्ये लेगोने स्वतः ऑप्टिमस प्राइम काढला, १,५०८ तुकड्यांचा, हॅस्ब्रोच्या परवान्याने. कारण ऑप्टिमस प्राइमचं नाव, चेहरा, ओळख ही हॅस्ब्रोची. ठोकळा वापरायला हॅस्ब्रोला लेगोकडे जावं लागलं नाही; रोबो बनवायला मात्र लेगोला हॅस्ब्रोकडे जावं लागलं. परवानगी कुणी कुणाची घेतली, हे एकदा नीट पाहा.

मग 'बिल्ट टू रूल' का पडलं? माझं उत्तर साधं आहे: खेळणं फसलेलं होतं. का फसलं हे कळायला ठोकळा जवळून बघावा लागतो. दोन बटणांच्या मध्यांतलं अंतर ८ मिलीमीटर, बटणाचा व्यास ४.८ मिलीमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलीमीटर. एक ठोकळा दुसऱ्यावर दाबला की बटण खालच्या नळीच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन किंचित आवळलं जातं. ना स्क्रू, ना डिंक. सगळी पकड त्या आवळण्याची. सरळ वर ओढलं तर ठोकळे चांगलेच चिवट निघतात. पण एका टोकाला धरून वाकवलं, तर अगदी लहान मुलाच्या हातूनही सुटतात. सुटावेत म्हणूनच तर ते तसे केलेले असतात.

रोबोचं वाहन करताना आपण नेमकं हेच करतो, टोकाला धरून वाकवतो. हात पंजाला धरून खांद्यातून फिरवायचा, पाय टाचेला धरून दुमडायचा. जेवढा हात लांब, तेवढा मुळाशी जोर जास्त. सांधा घट्ट असेल तर तो फिरण्याआधी ठोकळाच निखळतो. सांधा सैल केला तर रोबो उभा राहत नाही, गुडघ्यात बसतो. बटणाची पकड सांध्यापेक्षा जास्त हवी, आणि सांध्याची पकड रोबोच्या वजनापेक्षा जास्त हवी. या दोन अटींच्या मधली जागा फार चिंचोळी आहे.

हॅस्ब्रोने यातून पळवाट काढली. खोक्यात एक तयार सांगाडा दिला, सांधे त्यातच बसवलेले, आणि मुलाने त्यावर ठोकळ्यांचं चिलखत चढवायचं. कागदावर शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात मखराचा सांगाडा विकत आणून त्यावर नुसती झालर लावावी तसं झालं. बांधायची हौस असलेल्या मुलाला बांधायला काही उरलं नाही. बदलायची हौस असलेल्या मुलाला प्रत्येक वेळी चार ठोकळे जमिनीवरून गोळा करावे लागले. चेहरामोहराही धड नाही. सांगाड्याच्या मापामुळे रोबो ओबडधोबड, आणि वाहन म्हणजे हात-पाय मुडपून बसलेला रोबोच. त्याच काळात, त्याच दुकानांत 'आर्माडा'चे नेहमीचे प्लास्टिकचे ट्रान्सफॉर्मर्स होते, छोट्या मिनी-कॉन जोडीदारांसकट, आणि ते न निखळता फिरत होते. पोराने काय उचललं असेल?

'क्रे-ओ'मध्ये हॅस्ब्रोने हा धडा घेतला, पण वेगळ्या रीतीने. सांगाडा काढून टाकला आणि बदलणंच सोडून दिलं. सुरुवातीच्या संचांत एकाच ठोकळ्यांतून रोबो किंवा वाहन बांधता यायचं. दुसरं हवं तर पहिलं मोडायचं. बांधणारी मुलं खूश झाली आणि ट्रान्सफॉर्मर्सवाले चिडले, कारण न मोडता बदलतो तो ट्रान्सफॉर्मर, हे त्यांच्या दृष्टीने मूलभूत आहे. चिडणं बरोबर होतं असं मला वाटतं. तरीही 'क्रे-ओ' काही वर्षं बरं चाललं. त्यात जी.आय. जो आले, स्टार ट्रेक आलं, 'बॅटलशिप' सिनेमाची जहाजं आली. मग तेही हळूहळू दुकानांतून दिसेनासं झालं.

यावरून दुसरा गैरसमज निघतो: ठोकळ्यांचा रोबो न मोडता बदलूच शकत नाही, मुळात कल्पनाच अशक्य. लेगोचा २०२२ चा ऑप्टिमस हे त्याचं उत्तर आहे. साधारण ३५ सेंटिमीटर उंच, हालचालीच्या १९ जागा, आणि एकही तुकडा न काढता ट्रक होतो. त्यात तयार सांगाडा नाही. सांगाडाही तुम्हीच बांधायचा, आणि तिथेच त्याची मजा आहे. मात्र खोक्यावर वय लिहिलंय अठरा आणि पुढे. म्हणजे जे जमलं ते मोठ्या माणसासाठी जमलं, ज्याच्याकडे बांधायला दोन संध्याकाळी असतात आणि जो पंजाला धरून खांदा पिरगळत नाही. पुढे २०२३ मध्ये बंबलबी आला, तोही न मोडता बदलणारा. कल्पना अशक्य नव्हती. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या हाताला, खेळण्याच्या बेताच्या किमतीत आणि २००३ च्या घाईत ती अवघड होती.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत, त्यांना फार वेळ देत नाही. 'बिल्ट टू रूल' आणि 'क्रे-ओ' एकच, असं समजणारे खूप आहेत. त्या वेगवेगळ्या मालिका, मधे काही वर्षांचं अंतर. 'क्रे-ओ'चे ठोकळे म्हणजे चिनी नक्कल, हेही चूक. ते दक्षिण कोरियाच्या ऑक्सफर्ड कंपनीचे, आणि ऑक्सफर्ड हे ठोकळ्यांच्या धंद्यातलं जुनं, नावाजलेलं घराणं आहे. ते लेगोवर बसत नाहीत असंही सांगतात, बसतात. ट्रान्सफॉर्मर्स २००७ च्या सिनेमातून आले, असं नव्या पिढीला वाटतं. सिनेमा यायच्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते, आणि त्यांचे पहिले साचे जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या खेळण्यांचे होते.

लेगोने ठोकळा शून्यातून शोधला, ही समजूतही पुसायला हवी. लेगोचा पहिला ठोकळा १९४९ चा, आतून नुसता पोकळ. तो ब्रिटनच्या हिलरी फिशर पेज यांच्या 'किडीक्राफ्ट' ठोकळ्यावरून घेतला होता. खुद्द लेगोने हे मान्य केलेलं आहे. पकड देणारी आतली नळी मात्र १९५८ ची आणि लेगोची स्वतःची. ज्या कंपनीच्या नावाने आपण "कॉपी, कॉपी" म्हणून गळा काढतो, तिचीही सुरुवात कुणाचा तरी ठोकळा समोर ठेवूनच झाली, हे ऐकून काही लोकांना राग येतो. त्याला माझा इलाज नाही.

आपल्याकडचाही एक गैरसमज याच जातीचा आहे. हॅस्ब्रोचे जी.आय. जो नव्वदीच्या दशकात आपल्या पोरांना मिळाले ते बहुतेक फन्स्कूलच्या खोक्यांतून, आणि अजूनही काही जण त्यांना डुप्लिकेट म्हणतात. फन्स्कूल एमआरएफने हॅस्ब्रोच्या साथीने १९८७ मध्ये उभी केली, तिचा कारखाना गोव्यात होता, आणि माल रीतसर परवान्याचा होता. आज परदेशातले संग्राहक तेच भारतीय पुतळे शोधत फिरतात. घरात असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका.

पण म्हणून माळ्यावरचं प्रत्येक बंद पडलेलं खेळणं सोन्याच्या भावाने जाईल, असंही समजू नका. उत्पादन बंद झालं म्हणजे मागणी आली, असं होत नाही. 'बिल्ट टू रूल' तेव्हाही फारसं कुणाला नको होतं. विकायचंच असेल तर आधी ठोकळे मोजा, सूचनापुस्तिका आहे का बघा. अर्धा रोबो कुणी घेत नाही.

आणि मुलांसाठी ठोकळे घेताना "लेगोवर बसतात, म्हणजे नकली असणार" म्हणून नाक मुरडू नका. बसणं कायदेशीर आहे. लेगोचं नाव आणि लोगो छापून विकत असेल तो नकली. खोक्यावर दुसरं काही वाचलं नाहीत तरी चालेल, आयएसआयचं चिन्ह तेवढं बघा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर, देशी असोत की आयात केलेली, ते सक्तीचं आहे.