पऱ्हाट्यांच्या जाळावरचं भरीत

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्या यावल-रावेरच्या पट्ट्यात फोनवर एक विचारणा सुरू होते, ‘मग, भरीत कधी?’ वांगी बाजारात आलीत का, हे कुणी विचारत नाही. ती आलेलीच असतात. ठरवायचं असतं ते मळा कोणाचा, पऱ्हाट्या कोण आणणार आणि पुण्याहून येणाऱ्यांना कोणता रविवार जमतोय, एवढंच. मी गेली अनेक वर्षं पुण्यात राहतो. त्या फोनची वाट मी दिवाळीच्या बोनसपेक्षा जास्त पाहतो.

खानदेशात भरीत ताटातली डावी बाजू नाही. ते मुख्य जेवण आहे, आणि त्यासाठीचं वांगंही निराळं आहे. ते जांभळं नसतं. पोपटी-हिरवं, त्यावर पांढुरक्या रेघा, आणि अर्धा किलो सहज भरेल एवढं मोठं. गर भरपूर, बिया कमी. यावल तालुक्यातलं बामणोद आणि जळगावजवळचं आसोदा ही गावं या वांग्यासाठी नावाजलेली. आसोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरींचं माहेर. १८८० साली त्या तिथेच जन्मल्या. जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. कागदावर या दोघांची गाठ तेव्हा पडली. आमच्याकडे ती पूर्वीपासून आहे, कारण भरीत वाढायचं ते केळीच्या पानावर, आणि पान कापायला बांध ओलांडला की पुरे.

वांगं निवडण्यात आमची फुई, म्हणजे आत्या, तरबेज होती. ती दोन सारख्या आकाराची वांगी दोन तळहातांवर घ्यायची आणि जे हलकं लागेल ते ठेवायची. जड वांगं बियांनी भरलेलं, असा तिचा हिशेब. मग ते फिरवून बारीक छिद्र शोधायची, कारण अळी आत शिरते ती तिथूनच. टोपल्यातल्या प्रत्येक वांग्याची अशी तपासणी व्हायची आणि आम्ही पोरं ती नाकारलेली वांगी गोठ्याकडे नेऊन टाकायचो.

हिवाळ्याचं आणि भरिताचं नातं देवाच्या दारातूनही जातं. चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगी वर्ज्य करणारी घरं महाराष्ट्रभर आहेत. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, ती मनसोक्त खाऊन घ्यायची आणि मग थांबायचं. पुन्हा सुरुवात होते ती मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला. चंपाषष्ठीला खंडोबाची तळी भरली जाते आणि वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा नि पातीचा कांदा असा नैवेद्य दाखवला जातो. देवाने आधी खाल्लं, आता तुम्ही खा. वांगी खऱ्या अर्थाने चवीला येतात ती थंडीतच, तेव्हा या नेमामागे जिभेचं शहाणपणही असावं, असं मला वाटतं.

आता जाळाकडे. पऱ्हाट्या म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरलेल्या कपाशीच्या वाळक्या काट्या. त्या नसतील तर तुराट्या चालतात. हे जळण भडकन पेटतं आणि लवकर बसतं, त्यामुळे वांग्याची साल जळून कोळसा होते आणि आतला गर स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. वांग्याला आधी सुरीने टोचे द्यायचे, नाहीतर ती वाफ कोंडून वांगं फुटतं. गॅसवर भाजलेलं वांगं शिजतं, पण त्याला तो धूर लागत नाही. पुण्यातल्या ओट्यावर मी सगळे उपाय करून पाहिले आहेत आणि हे खात्रीने सांगतो.

यापुढचं काम एका माणसाचं नाही. चाळीस पानं उठायची म्हणजे वीस किलो वांगी लागतात. ती जाळातून वेळेवर काढायला दोघं हवेत, सोलायला पाच-सहा जण. वांगं गरम असतानाच साल सुटते, थांबलं की चिकटते. सोललेलं वांगं पाण्यात बुचकळायचं नाही, त्याने धुराची चव निघून जाते. शेजारी पाण्याचा तांब्या असतो, त्यात फक्त बोटं बुडवायची. हातावर फुंकर, वांग्यावर फुंकर, बोटांची टोकं काळी. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला चुलतभाऊ आणि मळ्यातला सालदार अशा वेळी एकाच परातीभोवती उकिडवे बसलेले असतात. एका वर्षी बांधाच्या भांडणावरून वर्षभर न बोललेले दोघं काका तिथे समोरासमोर आले. एकाने तांब्या पुढे सरकवला, दुसऱ्याने बोटं बुडवली. समेट वगैरे काही झाला नाही. पण त्या दिवसानंतर ते एकमेकांना हाक मारू लागले.

सोललेला गर लाकडी कोरीव पात्रात लाकडी मुसळाने ठेचतात. हिरव्या लवंगी मिरच्या आणि लसूण तेलावर परतून त्याच्यातच ठेचायचा. मग शेंगदाणा तेलाच्या फोडणीत तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात आणि वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही, दही नाही, हळदही नाही. रंग फिकट हिरवा राहिला पाहिजे. मिक्सरमधून काढलेलं भरीत गुळगुळीत लगदा होतं. मुसळाखाली गराचे धागे राहतात आणि ते जिभेला कळतात.

जोडीला कळण्याची पुरी किंवा भाकरी. ज्वारीत सालासकट उडीद घालून दळलं की कळणा होतो. आणि इथेच मला एक गोष्ट बोलायची आहे. मळ्यात जाळाशी पुरुष असतात, त्याचं कौतुक सगळे करतात, फोटोही त्यांचेच निघतात. पण चाळीस माणसांच्या पुऱ्या घरी बायकाच लाटतात, आणि पुष्कळदा त्या मळ्यात पोचेपर्यंत पहिली पंगत उठलेली असते. अलीकडे आमच्याकडे कढई मळ्यातच नेतो आणि पुऱ्या लाटायला पोरंही बसतात. पुऱ्या वाकड्या होतात, पण आई, काकू आणि वहिन्या पहिल्या पंगतीत गरम भरीत खातात. हा बदल फार आधी व्हायला हवा होता.

जळगाव शहरात थंडीत जागोजागी भरीत सेंटरं लागतात, किलोवर भरीत मिळतं. २०१८ च्या डिसेंबरात शेफ विष्णू मनोहर यांनी जळगावात सुमारे अडीच हजार किलो भरीत एका कढईत केलं, तेव्हा सगळा जिल्हा अभिमानाने लोटला होता. पुण्या-मुंबईतली आमची माणसं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने वांग्यांची गोणी मागवतात, सोसायटीच्या मोकळ्या जागेत जाळ करायची परवानगी काढतात आणि गावाकडचे चार, इतर गावांचे चाळीस असे जेवतात. माझ्या शेजारच्या कोकणी वहिनींनी पहिल्या वर्षी नाक मुरडलं होतं. आता सोलायला त्या सर्वांत आधी येऊन बसतात.

मळ्यातली पंगत उठली की उरलेलं भरीत झाकून ठेवत नाहीत, डबे भरायला घेतात. एक राखणदाराचा. एक आजारी असलेल्या मास्तरांचा. ज्या घरी यंदा कुणी गेलं आणि म्हणून जे पंगतीला आले नाहीत, त्या घरचा एक. फुई होती तोवर हे डबे तीच भरायची, आणि प्रत्येकाचं तिखट किती चालतं ते तिला पाठ होतं. मास्तरांसाठीचं ती मिरची घालण्याआधीच बाजूला काढून ठेवायची. गेल्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. मी मास्तरांचं काढायला विसरलो, आणि विझत आलेल्या जाळात पुन्हा पऱ्हाट्या सारून एक वांगं वेगळं भाजलं.