श्रावणात एअरब्रश

सकाळी ७. हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात पहिलं काम कॉम्प्रेसरचं. टाकीच्या तळाचा वॉल्व्ह उघडला की आधी पाणी निघतं. श्रावणातली ओल दाबाखाली टाकीत साचते. ती नळीतून पुढे आली तर ताज्या रंगावर थेंब उठतो आणि अख्खा गाल पुन्हा रंगवावा लागतो. वॉटर ट्रॅपची वाटीही रिकामी करते.

८. रंग गाळणे. मूर्तीचं अंग मोठ्या स्प्रे गनने आदल्या दिवशीच झालेलं असतं. एअरब्रश लागतो तो छटांना: गालांची लाली, सोंडेच्या वळ्या, पीतांबराच्या चुण्या. नोझल ०.३ मिलिमीटरचं, त्यात एवढीशी गुठळीही अडकते. अ‍ॅक्रिलिक रंग थिनर घालून दुधाइतका पातळ करायचा, थोडा रिटार्डर टाकायचा आणि जुन्या नायलॉन मोज्यातून गाळायचा. फवारा अडतो म्हणून एअरब्रशची गन खोलणारे पुष्कळ पाहिले. निम्म्या वेळा दोष बाटलीतच असतो.

९.३०. दाब १५ ते २० पीएसआय, आणि आधी कागदावर रेघ. रेघेला कोळ्यासारखे पाय फुटले तर रंग फार पातळ किंवा दाब जास्त, नाहीतर हात फार जवळ. धुळीसारखा खरखरीत पडला तर तो वाटेतच सुकतोय: हात जवळ आणा, दाब उतरवा.

११. पुतण्या हाक मारतो, "काकी, कपात बुडबुडे येतायत!"
"ट्रिगर सोड. आधी पुढची टोपी बघ. ढिली असेल तर बोटाने आवळ, पकड लावू नकोस."
टोपी घट्ट होती, म्हणजे दोष नोझलचा. पुढून बाहेर पडायची हवा मागे वळून रंगाच्या वाटेने कपात शिरत होती. सुई मागे ओढून काढली आणि नोझल उजेडात धरलं, तर तोंडाशी केसाएवढी चीर. नोझल फार आवळलं की हेच होतं. इतकं बारीक आणि इतक्या पातळ धातूचं असतं की ते सांधता येत नाही. नवीनच बसवावं लागतं. चीर नसती आणि आत नुसता सुकलेला रंग असता, तर थिनरमध्ये भिजवून भागलं असतं. शिवणाची सुई घालून मात्र कोणी कोरू नये, भोक वाकडं होतं आणि मग फवारा कधीच सरळ येत नाही.

दुपारी १. जेवून आल्यावर पंखा बंद, मास्क वर. वाऱ्यात सुईच्या टोकावर रंगाचा पापुद्रा धरतो. मग गन आधी अडते आणि ट्रिगर आणखी ओढला की एकदम थुंकते. टोक थिनरच्या बोळ्याने पुसायचं, बोळा मागून पुढे, हलक्या हाताने. गन थुंकायची वाट बघत बसू नये.

४. मुखावरचं काम. आज फवारा एका बाजूला झुकतोय, म्हणजे सुईचं टोक वाकलंय. नखावरून अलगद ओढली की आकडा लागतो. काचेवर आडवी ठेवून, चमच्याच्या पाठीने दाबत फिरवत मागे ओढली की बरीचशी सरळ होते. मूर्तीच्या चेहऱ्यावर उडालेले शिंतोडे पुसून जात नाहीत, म्हणून फवारा आधी कागदावर, मग मुखावर.

७. सफाई. कपात थिनर, तोंडावर फडकं दाबून हवा उलटी फिरवायची, घाण वर येते. मग सुई काढून पुसायची. रबरी वायसर थिनरमध्ये बुडवून ठेवायचे नाहीत, फुगतात.

घरी छंद म्हणून मूर्ती किंवा मॉडेल रंगवणाऱ्यांना एवढंच सांगते: गन बिघडली म्हणून नवी घेऊ नका. आधी रंग गाळून बघा, मग सुई आणि नोझल बदला, दोन्ही एकाच मापाची.