रानद्राक्षं खुडण्याआधी बी पाहा

सप्टेंबर उजाडला की अमेरिकेच्या पूर्व भागात नदीकाठच्या झुडपांवर निळ्या-काळ्या मण्यांचे घड लोंबू लागतात. ही तिथली रानद्राक्षं, शास्त्रीय नाव व्हायटिस रायपेरिया. मणी जेमतेम वाटाण्याएवढा आणि आंबटढाण, तरी जेलीसाठी लोक हौसेने खुडतात. रानटी म्हणून त्यांना कमी लेखू नये. नाशिक-सांगलीच्या बागा ज्या डॉगरिज खुंटावर उभ्या आहेत, तोही टेक्सासच्या रानद्राक्षांतूनच निवडलेला.

गोची अशी, की त्याच झुडपांत, त्याच दिवसांत मूनसीड नावाचा वेलही पिकतो. हा आपल्या गुळवेलीच्या कुळातला, पण विषारी. घड तसेच, रंग तोच, मण्यावर पांढुरकी लवसुद्धा तशीच. त्यातलं डॉरिसिन हे अल्कलॉइड हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतं.

पानांत फरक आहे. द्राक्षाच्या पानाची कड करवती असते, मूनसीडची गुळगुळीत. शिवाय मूनसीडचा देठ पानाच्या कडेला न जुळता किंचित आत, पाठीला जुळतो. बाळी हीसुद्धा चांगली खूण. द्राक्षवेल पानासमोर फुटलेल्या बाळ्यांनी आधार धरतो, मूनसीडला बाळ्या नसतातच. त्याचं खोडच आधाराला पीळ घालत चढतं. पण दोन्ही वेल एकमेकांत गुंतून वाढतात. त्यामुळे बाळी एकाची आणि हातात आलेला घड दुसऱ्याचा, असं सहज होऊ शकतं.

म्हणून खरा निवाडा बीच करते. मणी चिरून बोटाने दाबा. द्राक्षातून टोकाकडे निमुळत्या, टपोऱ्या बिया निघतात, बहुधा दोन ते चार. मूनसीडमधून एकच चपटी बी निघते, चंद्रकोरीसारखी वळलेली आणि कडेला खडबडीत.

द्राक्षाशी गल्लत होऊ शकणारा आणखी एक वेल म्हणजे व्हर्जिनिया क्रीपर, पण तो त्यामानाने सहज ओळखू येतो. एका देठावर पाच पर्णिका आणि फळांचे देठ लालभडक. त्यातल्या ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुयांनी तोंडाची आग होते.

पक्षी खातात म्हणजे आपल्याला चालेल, हा समज इथे कामाचा नाही. मूनसीड आणि क्रीपर दोन्हींची फळं पक्षी खातात.

मुलांकडे अमेरिकेत गेलेल्या आजी-आजोबांनी नातवंडांबरोबर फिरताना घडागणिक एक मणी चिरून पाहावा, चाखून मात्र नाही. चुकून पोटात गेलंच, तर लक्षणांची वाट न पाहता तिथल्या विषबाधा मदतकेंद्राला १-८००-२२२-१२२२ वर फोन करावा. तो चोवीस तास सुरू असतो.