कर्ज फिटले, पण नोंद फिटली का?

दीपावलीला आपल्या पेढ्यांवर नव्या वहीचे पूजन होते. कोणाकडे किती येणे, कोणाचे किती देणे, हे त्या वहीत पै-पैसह लिहिलेले असते आणि घरातील कर्त्या पुरुषाला ते तोंडपाठ असते. परंतु आपल्याविषयी लिहिल्या जाणाऱ्या आणखी दोन वह्या आहेत, आणि त्या आपल्या पेढीत नसतात. एक पतमाहितीची, जिला आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो. दुसरी न्यायालयाची. या दोन वह्या लिहिणारे कारकून एकमेकांची वही वाचत नाहीत. आपल्या व्यापारी कुटुंबांना होणारा बराचसा मनस्ताप एवढ्या एका गोष्टीच्या अज्ञानातून होतो.

सिबिल ही संस्था २००० साली मुंबईत स्थापन झाली. २००५ च्या कायद्याखाली आज अशा चार कंपन्या काम करतात: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि क्रिफ हाय मार्क. बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराची माहिती त्यांना कळवतात. ३०० ते ९०० मधील गुणांक सर्वांना ठाऊक असतो. पण कर्ज मंजूर करणारा अधिकारी त्या आकड्याखालचा मजकूर वाचतो. हप्ता किती दिवस थकला, खाते ‘बंद’ आहे की ‘सेटल्ड’, ‘राइट-ऑफ’ आहे की ‘दावा दाखल’, हे त्यात असते. एक कोटी रुपये व त्याहून अधिक रकमेच्या दावा दाखल खात्यांची यादी तर या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर कोणालाही पाहता येते.

आता समजा, छावणीच्या बाजारपेठेतील एका कापड दुकानदाराचे आठ लाखांचे कर्ज थकले. रक्कम वीस लाखांच्या आत असल्याने प्रकरण कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे न जाता अदालत रोडवरील न्यायालयात गेले आणि बँकेला हुकूमनामा मिळाला. पुढे सहा लाखांत तडजोड झाली. दुकानदाराने रक्कम भरली, व्यवस्थापकांशी हस्तांदोलन केले आणि निश्चिंत होऊन तो घरी आला.

येथे दोन्ही वह्या उघड्याच राहिल्या आहेत.

न्यायालयाच्या वहीपुरते पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २१, नियम २ असे सांगतो की, न्यायालयाबाहेर दिलेल्या पैशाची नोंद न्यायालयात झाली नसेल, तर हुकूमनाम्याची अंमलबजावणी करणारे न्यायालय ती फेड जमेस धरणार नाही. ही नोंद करण्याचे कर्तव्य धनकोचे आहे. परंतु त्याने ते केले नाही, तर ऋणकोने स्वतः अर्ज करावा लागतो आणि मुदत आहे पैसे दिल्यापासून अवघी ३० दिवस. हुकूमनामा मात्र १२ वर्षे जिवंत असतो. या अवधीत बँकेने आपली थकीत खाती एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली, तर त्या हस्तांदोलनाची आठवण नव्या मालकाला नसते. तो कागद पाहतो आणि दरखास्त दाखल करतो. म्हणून तडजोडीची रक्कम रोखीने कदापि देऊ नये. ती बँकेमार्फत द्यावी, तडजोडपत्र लेखी घ्यावे आणि पूर्ण फेडीची पुरसिस न्यायालयात दाखल झाल्याखेरीज वकिलांची फाइल बंद होऊ देऊ नये. त्यापेक्षाही उत्तम, दावा प्रलंबित असतानाच लोकअदालतीत तडजोड करावी. तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बंधनकारक असतो, त्यावर अपील नाही, आणि न्यायालयीन शुल्कही परत मिळते.

पतमाहितीच्या वहीची गत निराळी. आपले जे आप्त लंडन-लेस्टरला स्थायिक झाले आहेत, त्यांच्याकडे थकबाकीचा न्यायालयीन निकाल एका सार्वजनिक नोंदवहीत सहा वर्षे राहतो आणि महिन्याभरात पैसे भरल्यास तो तेथून काढला जातो. आपल्याकडे न्यायालय सिबिलला काहीही कळवत नाही. कळवते ती बँक. त्यामुळे न्यायालयातून मोकळा झालेला माणूस सिबिलमध्ये ‘दावा दाखल’च राहू शकतो. उलटही घडते. पतसंस्थेचे कर्ज पुष्कळदा या अहवालात दिसतच नाही. गुणांक उत्तम असतो आणि तरीही सहकार कायद्याच्या कलम १०१ खालचा वसुली दाखला दारात येतो. ‘माझे सिबिल स्वच्छ आहे’ याचा अर्थ ‘मी कोणाचे देणे लागत नाही’ असा होत नाही.

‘सेटल्ड’ या शब्दाविषयीही गैरसमज आहे. व्यापारी भाषेत सौदा सेटल झाला म्हणजे मिटला. पतमाहितीच्या भाषेत त्याचा अर्थ बँकेने काही रक्कम सोडून दिली असा होतो आणि पुढचा बँकर त्याकडे साशंक नजरेने पाहतो. ऐपत असेल तर सोडलेली रक्कमही भरून खाते ‘बंद’ असे नोंदवून घेणे दूरदृष्टीचे ठरते. पूर्ण फेडीनंतर तारण मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेने ३० दिवसांत परत करावयाची असतात. तिच्या चुकीने विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अहवालातील चुकीची दुरुस्ती ३० दिवसांत न झाल्यास दररोज १०० रुपये मिळतात. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो मागवण्यात संकोच कसला?

समन्स आल्यावर ते देव्हाऱ्याच्या खणात ठेवून देणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. न स्वीकारल्याने दावा थांबत नाही, तो एकतर्फी होतो. इतिहासातही हेच दिसते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा झाला, तेव्हा जमावाचा रोख मारवाडी-गुजराती सावकारांकडील कर्जरोखे आणि हुकूमनामे यांवर होता. ते हिसकावून जाळले गेले. ऋणको न्यायालयात हजर होत नसे आणि हुकूमनामे एकतर्फी होत, ही त्या असंतोषामागची मोठी व्यथा होती. १८७९ च्या कायद्याने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब तपासण्याचे काम न्यायालयावर सोपवले. तेव्हा आपल्या समाजातील अनेकजण धनकोच्या बाजूस होते. आज बहुतेकांच्या दुकानावर बँकेचा बोजा आहे. बाजू बदलली की कागदाचे वजन कळते. एकतर्फी निकाल रद्द करून घेण्यासाठी ३० दिवसांत अर्ज करता येतो. समन्स रीतसर बजावलेच नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस.

तुरुंगाची भीती मात्र अवास्तव आहे. जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निव्वळ देण्याची ऐपत नाही म्हणून ऋणकोला दिवाणी कैदेत टाकता येत नाही; ऐपत असून टाळाटाळ केल्याचे दिसावे लागते. न वटलेल्या धनादेशाचे प्रकरण याहून वेगळे. ते फौजदारी आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम दिली तर गुन्हाच पूर्ण होत नाही. ते १५ दिवस कोणीही वाया घालवू नयेत.

शेवटी जामीनदारांविषयी. साडू, व्याही किंवा मेहुणा ‘फक्त सही करा’ म्हणतो आणि शब्द मोडवत नाही. करार कायद्याच्या कलम १२८ नुसार जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडे जावे, असा आग्रह तो धरू शकत नाही, आणि ते कर्ज त्याच्याही पतअहवालात दिसते. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही, हे खरे. परंतु घर पत्नीच्या नावे असेल आणि जामीनपत्रावर तिची सही असेल, तर जप्तीचा हुकूम घेऊन येणारा बेलिफ त्याच घराचे दार ठोठावील.