नोकरी एकाची, व्हिसा दोघांचा : परदेशातलं स्थळ पक्कं करण्याआधी हे माहीत हवं

अमरावती-अकोल्याकडे लग्नाच्या बायोडाटात 'मुलगा फॉरेनला' असं लिहिलेलं असलं की बैठकीतले पुढचे बरेच प्रश्न गळून पडतात. पगार किती, घर कुठे, सुट्टी कधी मिळते, एवढं विचारलं जातं. मुलाकडे कोणता व्हिसा आहे, त्यावर बायकोला नेता येतं का आणि नेलं तर तिला तिथे नोकरी करता येते का, हे तीन प्रश्न मात्र राहून जातात. साखरपुडा होतो, मुलगी इथली नोकरी सोडते आणि खरी अडचण त्यानंतर कळते.

आता मुलीही नोकरीसाठी बाहेर जाऊ लागल्या आहेत. त्यामुळे 'नवऱ्याला सोबत नेता येईल का' हा प्रश्नही तितकाच खरा आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात १० हजार तरुणांना पाठवण्याचं ठरलं. यादीत नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, सुतार, ड्रायव्हर, आचारी अशी कामं होती. त्यामुळे परदेशातली नोकरी ही फक्त इंजिनिअरची गोष्ट राहिली नाही. आयटीआय झालेल्या मुलाच्या घरीही व्हिसाची चर्चा सुरू झाली. पण दोन सरकारांमध्ये करार झाला म्हणून कोणालाही आपोआप व्हिसा मिळत नाही. प्रत्येकाला भाषा, पात्रता आणि नोकरीचा करार या तिन्ही पायऱ्या स्वतंत्रपणे चढाव्या लागतात.

वर्क परमिट आणि व्हिसा यात फरक काय?

बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात, पण ते वेगळे आहेत. व्हिसा म्हणजे त्या देशात शिरण्याची परवानगी. वर्क परमिट म्हणजे तिथे पगारी काम करण्याची परवानगी. काही देश दोन्ही एकत्र देतात, काही वेगवेगळं.

अमेरिकेत आधी कंपनीला तिथल्या सरकारकडे अर्ज करावा लागतो. तो मंजूर झाला की उमेदवार व्हिसासाठी जातो. ब्रिटनमध्ये परवानाधारक कंपनी आधी स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देते. जर्मनीत व्हिसा घेऊन पोहोचल्यावर तिथल्या कार्यालयातून निवास परवाना काढावा लागतो. आखाती देशांत कंपनी प्रवेशाचा परवाना पाठवते आणि तिथे वैद्यकीय तपासणी झाल्यावर रहिवासाचा परवाना मिळतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. परवाना त्या नोकरीशी बांधलेला असतो आणि जोडीदाराचा व्हिसा त्या परवान्याशी. नोकरी गेली की दोघांचाही आधार जातो. अमेरिकेत एच-१बी वर असलेल्याची नोकरी गेली, तर नवी नोकरी शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. त्या मुदतीत काही जमलं नाही, तर जोडीदारालाही परतावं लागतं.

जोडीदाराला काम करता येतं का? देशानुसार उत्तर बदलतं

अमेरिका : एच-१बी वाल्याच्या जोडीदाराला एच-४ व्हिसा मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण थेट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ धारकांना कामाची वेगळी परवानगी मिळू लागली. त्यासाठी साधारणपणे नवऱ्याच्या (किंवा बायकोच्या) ग्रीन कार्डची कंपनीमार्फत सुरू झालेली प्रक्रिया एका ठरावीक टप्प्यापर्यंत मंजूर असावी लागते. म्हणजे नुकत्याच अमेरिकेत गेलेल्या मुलाच्या बायकोला पहिली काही वर्षं घरी बसावं लागण्याची शक्यता मोठी. शिवाय या परवानगीच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर मिळणारी आपोआप मुदतवाढ ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस बंद झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क लावण्यात आलं. त्यामुळे 'कंपनी लवकरच पाठवणार आहे' या वाक्यावर लग्न ठरवण्याचे दिवस राहिलेले नाहीत.

ब्रिटन : स्किल्ड वर्कर व्हिसावर गेलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करता येते. पण सगळ्याच कामांना ही सोय नाही. वृद्ध आणि आजारी लोकांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करना ११ मार्च २०२४ पासून नव्याने जोडीदार किंवा मुलं नेता येत नाहीत. २२ जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच ब्रिटनने थांबवलं. त्याच दिवशी स्किल्ड वर्करसाठीची सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला ४१ हजार ७०० पौंड झाली. 'केअर व्हिसावर पूर्ण कुटुंब पाठवतो' असं अजूनही कोणी सांगत असेल, तर तो जुनी गोष्ट विकतो आहे.

जर्मनी : कामाच्या परवान्यावर असलेल्याच्या जोडीदाराला तिथे पोहोचल्यावर नोकरी करता येते. अट पुष्कळदा भाषेची असते. सर्वसाधारण नियम असा की येणाऱ्या जोडीदाराला ए-१ पातळीचं, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन यायला हवं. ठरावीक पगाराच्या वर मिळणाऱ्या ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ही अट नाही. त्यामुळे मुलाकडे ब्लू कार्ड आहे की दुसरा परवाना, हे आधी विचारावं. दोघांचंही वय १८ पूर्ण हवं. कमावणाऱ्याचं उत्पन्न आणि आरोग्य विमा दोघांना पुरेल असं दाखवावं लागतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा केली. संधी वाढली, पण अटी तशाच आहेत.

कॅनडा : पूर्वी इथे जोडीदाराला खुला वर्क परमिट सहज मिळे. २१ जानेवारी २०२५ पासून तो फक्त वरच्या कौशल्यगटातल्या आणि काही निवडक कामांत असलेल्यांच्या जोडीदारांना मिळतो. शिवाय कमावणाऱ्याच्या परमिटचे किमान १६ महिने शिल्लक असावे लागतात. शिकायला गेलेल्याच्या जोडीदारासाठीही नियम कडक झाले आहेत.

ऑस्ट्रेलिया आणि आयर्लंड : ऑस्ट्रेलियात कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर गेलेल्याच्या जोडीदाराला कामाची पूर्ण मुभा असते. आयर्लंडने मे २०२४ पासून सर्वसाधारण वर्क परमिटवाल्यांच्या जोडीदारांनाही वेगळा परवाना न काढता काम करण्याची परवानगी दिली.

आखाती देश : इथे पगार हा मुख्य मुद्दा. संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब नेण्यासाठी महिना ४ हजार दिरहम, किंवा ३ हजार दिरहम आणि राहायची सोय, अशी अट आहे. कुवेतने जानेवारी २०२४ मध्ये ८०० दिनारांची अट घातली. बांधकाम, ड्रायव्हिंग किंवा हॉटेलात काम करणाऱ्या बऱ्याच जणांचा पगार या रेषेच्या खाली असतो. अशा घरांत नवरा तिकडे आणि बायको-मुलं इकडे, असंच वर्षानुवर्षं चालतं. यात फसवणूक नाही, नियमच तसा आहे. पण तो लग्नाआधी माहीत असायला हवा.

कागदांची सुरुवात अमरावती-अकोल्यातच होते

पहिला कागद पासपोर्ट. दोन्ही जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. पण प्रत्येक वेळी नागपूर गाठायची गरज नाही. अमरावती आणि अकोला दोन्हीकडे टपाल कार्यालयात पासपोर्ट सेवा केंद्र आहे.

दुसरा कागद विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि सगळ्यात जास्त खोळंबा इथेच होतो. लग्नपत्रिका, अल्बम, व्हिडिओ यांना दूतावास लग्नाचा पुरावा मानत नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नाची नोंदणी होते. गावात हे काम ग्रामपंचायतीत, शहरात महापालिकेत किंवा नगरपालिकेत होतं. तीन साक्षीदार लागतात. लग्नानंतर ९० दिवसांच्या आत नोंदणी करायची असते. नंतरही होते, पण विलंब शुल्क भरावं लागतं. मुलाची सुट्टी तीन आठवड्यांची असेल, तर लग्नाच्या आधीच कागद तयार ठेवून, हळद उतरण्यापूर्वी नोंदणी उरकलेली बरी.

तिसरी गोष्ट नाव. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. मग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरं, विवाह प्रमाणपत्रावर तिसरं. व्हिसा अधिकाऱ्याच्या दृष्टीने ही तीन वेगळी माणसं ठरू शकतात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलणं कायद्याने बंधनकारक नाही. लगेच परदेशी जायचं असेल, तर माहेरचं नाव सगळ्या कागदांवर तसंच ठेवणं अनेकदा सोयीचं पडतं. बदलायचंच असेल, तर सगळीकडे एकदम आणि एकाच स्पेलिंगने बदलावं.

चौथी पायरी प्रमाणीकरण. भारतात दिलेला कागद परदेशात चालावा म्हणून परराष्ट्र मंत्रालयाकडून त्यावर 'अपोस्टिल' घेतात. त्याआधी राज्य सरकारकडून तो तपासून घ्यावा लागतो. ही पद्धत भारतात २००५ पासून आहे. पण संयुक्त अरब अमिरातीसारखे देश अपोस्टिलच्या करारात नाहीत. तिथे मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. जर्मनीने भारतीय अपोस्टिलला हरकत घेतलेली आहे, म्हणून तिथे काय लागेल हे जर्मन वकिलातीलाच विचारावं. एजंटने सरसकट 'अपोस्टिल करून देतो' म्हणून पैसे घेण्याआधी देश कोणता ते पाहावं.

दहावी पास की नापास, याने काय फरक पडतो?

बराच पडतो. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे 'ईसीआर' असा शेरा येतो. अशा व्यक्तीला सौदी, कुवेत, कतार, ओमान, अमिरात, मलेशिया अशा १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी मंजुरी लागते. १९८३ च्या स्थलांतर कायद्याने नेमलेला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' हा अधिकारी ती देतो. अर्ज 'ई-मायग्रेट' पोर्टलवर होतो. नर्सना तर पासपोर्टवर हा शेरा नसला, तरी या देशांत नोकरीसाठी २०१५ पासून याच पोर्टलमार्फत जावं लागतं.

ही मंजुरी काहींना कटकट वाटते. पण ती घेताना नोकरीचा करार, पगार आणि कंपनी नोंदवली जाते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा १० लाखांचा विमाही असतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये आहे. 'टुरिस्ट व्हिसावर चल, तिथे गेल्यावर कामाचा करून देऊ' असं सांगणारा एजंट नेमकी हीच नोंद टाळत असतो. टुरिस्ट व्हिसावर काम करणारा माणूस तिथल्या कायद्याने गुन्हेगार ठरतो. पगार बुडाला तरी त्याला तक्रार करता येत नाही. म्यानमार आणि कंबोडियात सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेल्या अनेक भारतीय तरुणांनाही चांगल्या नोकरीचं आमिष दाखवूनच नेलं गेलं होतं.

एजंट खरा की खोटा, कसं ओळखायचं?

परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटकडे केंद्र सरकारची नोंदणी असावी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी कोणालाही पाहता येते. असा एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. दोन एकर विकून लाखो रुपये रोखीने देण्याआधी हा आकडा लक्षात ठेवावा. 'कमाईतून वर्षभरात फिटेल' हे गणित पहिला पगार हातात पडेपर्यंत कागदावरचंच असतं.

सोयरीक पक्की करण्याआधी विचारायचे प्रश्न

- व्हिसाचा नेमका प्रकार कोणता आणि त्याची मुदत कधी संपते?
- त्या व्हिसावर जोडीदाराला नेता येतं का? किती महिने लागतात?
- जोडीदाराला तिथे नोकरी करता येते का? लगेच की काही वर्षांनी?
- भाषेची परीक्षा लागते का? जर्मन ए-१ ची परीक्षा पुणे आणि मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात देता येते. तयारीचे महिने त्यात धरावेत.
- नोकरी गेली तर पुढे काय?
- कंपनीचं पत्र आणि व्हिसाचं पान दाखवायला समोरच्यांची तयारी आहे का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. पण शेतीचा सातबारा पाहताना कोणी लाजत नाही. व्हिसाचं पान हाही तसाच कागद आहे. ज्याच्याकडे तो खरा आहे, त्याला दाखवायला अडचण नसते.

मुलीने आपला पासपोर्ट, मूळ प्रमाणपत्रं आणि त्यांच्या प्रती स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असताना संसार मोडला, तर राहण्याचा हक्कही धोक्यात येतो, आणि परत यायचं म्हटलं तरी हेच कागद लागतात. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगात स्वतंत्र कक्ष आहे. परदेशात अडकलेल्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. नोकरीसाठी जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय सहायता केंद्राच्या १८००-११-३०९० या टोल फ्री क्रमांकावर माहिती मिळते. तिथे निघण्याआधीही फोन करता येतो.

व्हिसाचे नियम दर काही महिन्यांनी बदलतात. मागच्या वर्षी गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव या वर्षी लागू पडेलच असं नाही. म्हणून अर्जाच्या दिवशी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर जे लिहिलेलं असेल तेच खरं धरावं, आणि तिथे जोडीदाराच्या कामाबद्दल काय म्हटलं आहे ते नोकरीचा राजीनामा देण्याआधी वाचावं.